लेकीचा संसार कोर्टाच्या पायरीवर: वकील निवडताना वडीलधाऱ्यांनी काय पाहावे

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि कित्येकांना ते इतरांना सांगतही आलो आहोत. पण समजा, एखाद्या संध्याकाळी पुण्याला दिलेली लेक एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात नातवाचे बोट धरून सिडकोतल्या आपल्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मी आता परत जाणार नाही.” त्या रात्री घरात कोणी नीट जेवत नाही. वडिलांची रक्तदाबाची गोळी घ्यायची राहून जाते. नातू झोपेत दचकतो. आणि सकाळ होताच फोन सुरू होतात. एक नातेवाईक सांगतात, “आमच्या ओळखीचे वकील आहेत, महिन्याभरात मोकळे करून देतात.” दुसरे म्हणतात, “अशांना धडाच शिकवला पाहिजे, चला माझ्याबरोबर.”

दार लेकीच्या माहेरचे असो वा मुलाच्या घरचे, वडीलधाऱ्यांची घालमेल सारखीच असते. ज्या घडीला मन सर्वांत अस्थिर असते, त्याच घडीला एक मोठा निर्णय घ्यावा लागतो: वकील कोण? पुढची काही वर्षे घराची झोप, पुंजी आणि नातवंडांचे मन या एका निर्णयावर बऱ्याच अंशी अवलंबून राहते. म्हणून या प्रश्नाकडे आपण प्रकृतीचाच प्रश्न समजून पाहू या.

आधी हे ठरवा: पक्षकार कोण?

वकिलाकडे जाताना बहुधा तिघे-चौघे जातात आणि बोलतात मात्र वडील. आपण आयुष्यभर मुलांसाठी बोलत आलो आहोत, त्यामुळे हे स्वाभाविक वाटते. तथापि, या प्रकरणातील पक्षकार आपली मुलगी किंवा मुलगा आहे, आपण नाही. वकीलपत्रावर सही त्यांची असते, शपथेवर सांगायचे त्यांना असते आणि निकालानंतरचे आयुष्यही त्यांनाच जगायचे असते.

म्हणून पहिल्या भेटीत एक गोष्ट आवर्जून करा. थोडा वेळ आपण बाहेर बसा आणि लेकीला वकिलांशी एकटीला बोलू द्या. आईवडिलांसमोर न सांगता येणाऱ्या गोष्टी अनेक असतात. मारहाणीच्या असतात, शयनगृहातल्या असतात, कधी स्वतःच्या चुकीच्याही असतात. त्या वकिलाला आधी कळल्या नाहीत, तर त्या पुढे समोरच्या बाजूकडून भर न्यायालयात कळतात. जे वकील स्वतःहून “आपण दोघे जरा बाहेर थांबाल का?” असे विनयाने विचारतात, त्यांच्याविषयी विश्वास बाळगायला हरकत नाही.

आपल्या शहरात हे काम कुठे चालते?

छत्रपती संभाजीनगरात वैवाहिक वादांसाठी स्वतंत्र कुटुंब न्यायालय आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ या कायद्याने अशी न्यायालये निर्माण झाली. शक्य तेथे समेट घडवून आणण्याचा प्रयत्न आधी करावा, असे बंधनच या कायद्याच्या कलम ९ ने न्यायालयावर घातले आहे. त्यासाठी तेथे विवाह समुपदेशक असतात. समुपदेशकांपुढील बैठकीत पती-पत्नीला स्वतः बोलावे लागते. पक्षकाराने मागणी केल्यास सुनावणी बंद दालनात होते, ही गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. ‘चारचौघांत अब्रू जाईल’ या भीतीने गप्प बसलेल्यांनी ती लक्षात ठेवावी.

याच कायद्यात आणखी एक वेगळी तरतूद आहे. कलम १३ नुसार या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. व्यवहारात तसा अर्ज करून वकील काम पाहतात. पण या तरतुदीमागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. येथे वकिलाने शब्दांची लढाई करावी, अशी कायद्याची अपेक्षा नाही. माणसे बोलावीत आणि तंटा मिटावा, ही अपेक्षा आहे. जे वकील समुपदेशनाला ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून हिणवतात, त्यांना या न्यायालयाचा स्वभावच उमगलेला नाही, असे समजावे.

लेक पुण्याहून आली म्हणून दर तारखेला पुण्याला जावेच लागेल, असे नाही. हिंदू विवाह कायद्यानुसार पत्नी सध्या जेथे राहते, तेथील न्यायालयातही तिला अर्ज दाखल करता येतो. कुटुंब न्यायालयाच्या हद्दीबाहेर, तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांचे दावे तेथील दिवाणी न्यायालयात चालतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. पुढे अपिलाची वेळ आलीच, तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून आपल्याच शहरात, जालना रोडवर आहे.

विवाह कोणत्या कायद्याने झाला, हे वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा, मुस्लिम वैयक्तिक कायदा, ख्रिस्ती विवाह यांचे नियम वेगवेगळे आहेत. पोटगीची एक वाट मात्र सर्वधर्मीयांना खुली आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. जे वकील आजही केवळ जुनेच कलम सांगतात, त्यांना नव्याविषयी जरूर विचारा.

गोड बोलण्यापेक्षा खरे बोलणे

डॉक्टर निवडताना आपण काय पाहतो? तपासल्याशिवाय औषध देणारा डॉक्टर आपल्याला नको असतो. “शंभर टक्के बरे करतो” म्हणणाऱ्यापासून आपण दूर राहतो. वकिलाची पारखही याच कसोटीवर करावी.

“महिन्याभरात घटस्फोट मिळवून देतो” हे आश्वासन घ्या. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठीसुद्धा दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात, आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा अवधी असतो. योग्य प्रकरणात हा सहा महिन्यांचा अवधी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. पण तो निर्णय न्यायालयाचा, वकिलाचा नव्हे. एका बाजूचा विरोध असेल, तर किती काळ लागेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्रामाणिक वकील हेच सांगतील, आणि ते ऐकायला कडू लागेल.

दुसरे आश्वासन असते सुडाचे: “सासू, सासरे, नणंद, सगळ्यांची नावे घालू.” छळ खरोखर झाला असेल, तर ज्याने जे केले ते तारखेसह निर्भयपणे मांडलेच पाहिजे, त्यात संकोच नको. परंतु ज्यांचा संबंध नाही त्यांना गोवल्याने खरी तक्रारच दुबळी होते. २०१० मध्ये प्रीती गुप्ता विरुद्ध झारखंड राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांनाच त्यांच्या सामाजिक जबाबदारीची आठवण करून दिली होती. किरकोळ घटना फुगवून तक्रारीत घालू नयेत आणि अशा तक्रारीकडे माणसांच्या दुःखाचा प्रश्न म्हणून पाहावे, असा त्या निकालाचा आशय होता.

तिसरे आश्वासन मुलाकडच्या वडीलधाऱ्यांना दिले जाते: “घर तुमच्या नावावर आहे ना? मग ज्येष्ठ नागरिक कायद्याने सुनेला बाहेर काढू.” हे इतके सोपे नाही. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले, तरी ते ‘सामायिक घर’ ठरू शकते आणि सुनेला तेथे राहण्याचे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, कर्नाटकातील एका प्रकरणात, ज्येष्ठ नागरिक कायदा वापरून सुनेचे हे संरक्षण हिरावता येणार नाही; दोन्ही कायद्यांचा मेळ घातला पाहिजे, असेही त्याने सांगितले. आपल्या शांततेचा हक्क खरा आहे, तसाच तिच्या छपराचाही. दोन्ही बाजू समजावून सांगणारे वकीलच आपल्याला खड्ड्यातून वाचवतील.

पोटगी: भावनेपेक्षा कागद बोलतो

पोटगीच्या वादात एक निकाल महाराष्ट्राच्या मातीतून आला आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने एका पत्नीला आणि तिच्या लहान मुलाला अंतरिम पोटगी मंजूर केली. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने जो निकाल लागला, तो आज देशभर मार्गदर्शक मानला जातो.

त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, पोटगी मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र द्यायचे. दुसरी, पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून धरायची. म्हणजे “बघू, राग शांत झाला की नेतील परत” म्हणत वर्ष काढले, तर त्या वर्षाची पोटगी बहुधा हातची जाते. समेटाचे प्रयत्न जरूर करा, पण अर्जाची तारीख केव्हाची असावी, हे वकिलांना पहिल्याच आठवड्यात विचारा. अंतरिम पोटगीचा अर्ज समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो. तो का होत आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

शपथपत्रात खोटे लिहू नका. लेक शिकवण्या घेत असेल, तर ते उत्पन्न लपवण्याचा सल्ला देणारे वकील तिला संकटात लोटत आहेत. जावयाच्या वाळूजमधल्या नोकरीची पगारपावती हाती नसेल, तर काळजी नको. ती न्यायालयामार्फत मागवण्याची वाट असते.

नातवंड कोणाचे?

या लेखातला सर्वांत हळवा भाग हाच. आपल्याला वाटते, नातू आपल्याकडे आहे म्हणजे तो आपला. कायदा मात्र आजीआजोबांचा किंवा आईवडिलांचा हक्क पहिल्यांदा पाहात नाही. तो बालकाचे हित पाहतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ सांगतो की, पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे तत्त्व ठामपणे अधोरेखित केले. मूल मोठे आणि समजते असेल, तर त्याचे म्हणणेही ऐकले जाते.

आजीआजोबांचे स्थान कायद्याला अगदीच ठाऊक नाही, असे नाही. कोरोनात आईवडील दोघेही गेलेल्या गुजरातमधील एका मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याच्या आजोबा-आजींकडे दिला. केवळ ते वृद्ध आहेत म्हणून त्यांना नाकारता येणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. पण आईवडील हयात असताना आपली भेट बहुधा त्यांच्या व्यवस्थेतूनच मिळते. म्हणून तडजोडीच्या अटी लिहिल्या जात असतील, तेव्हा वकिलांना सांगा: दिवाळीची सुटी, उन्हाळ्याचे किती दिवस, वाढदिवस, आठवड्याचा व्हिडिओ कॉल आणि आजीआजोबांची भेट, सारे तपशिलाने लिहून घ्या. ‘सोयीने भेटावे’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या सोयीवरूनच पुढे भांडण होते.

आणि एक विनंती. नातवाला “तुला कोण आवडते, आई की बाबा?” असे कधीही विचारू नका. न्यायाधीशांपुढे काय बोलायचे, ते पढवू नका. त्याच्यासमोर जावयाला किंवा सुनेला नावे ठेवू नका. मुलाला आई आणि वडील दोघांचीही माया हवी असते. अंथरूण ओले होणे, शाळेत जायला रडणे, अचानक गप्प होणे, पोटदुखीची सततची तक्रार ही त्याच्या मनाची भाषा असू शकते. ती बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा. तिचा पुरावा म्हणून वापर करण्याच्या मागे लागू नका.

आपली पुंजी, आपले घर

लेकरांच्या कज्ज्यात आईवडिलांचे निवृत्तिवेतन वितळताना दिसते. मुदतठेव मोडण्यापूर्वी आपल्या औषधांचा, आजारपणाचा आणि निदान वर्षभराच्या घरखर्चाचा पैसा वेगळा काढून ठेवा. घाबरून, दावा चालू असताना, घर किंवा शेत कोणाच्या नावावर बक्षीसपत्राने करू नका. पुढे असे करायचेच झाले, तर ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट त्या लेखात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ अशाच अटीच्या आधारे, सांभाळ न झाल्यास हस्तांतरण रद्द करण्याची वाट देते.

घटस्फोटाच्या ओढाताणीत मुलगा आईवडिलांकडे पाहीनासा झाला, तर आपल्यालाही पोटगी मागता येते. तो अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो. मूळ कायद्यात दरमहा कमाल १०,००० रुपयांची मर्यादा आहे. या न्यायाधिकरणापुढे वकिलाशिवाय काम चालावे, असे कायद्याचे कलम १७ म्हणते. काही उच्च न्यायालयांनी याविषयी वेगळी भूमिका घेतली आहे. आपल्याला जाणे शक्य नसेल, तर विश्वासातील व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देऊन अर्ज करता येतो. आणि ही जबाबदारी केवळ मुलाची नाही. एका वडिलांनी कल्याणला डॉक्टर असलेल्या आपल्या विवाहित मुलीकडे पोटगी मागितली, तेव्हा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीवरही ती जबाबदारी असल्याचे मान्य केले.

फी, वकीलपत्र आणि कागदपत्रे

फीविषयी बोलायला संकोचू नका. एकरकमी की तारखेप्रमाणे, टंकलेखन व न्यायालयीन शुल्क त्यात धरले आहे का, अपिलाचे वेगळे का, हे लिहून घ्या आणि दर वेळी पावती मागा. “मिळालेल्या पोटगीतून इतके टक्के” असा करार वकिलांना करता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई केली आहे. वकिलांना जाहिरात करण्याचीही मुभा नाही. म्हणून फलकांपेक्षा ज्यांचे काम पाहिले आहे अशांचा अनुभव विचारा. त्या वकिलांची सनद आहे का, याची चौकशी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा येथे करता येते.

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही देऊ नका. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, झेरॉक्स द्या. दावा नोंदला गेला की त्याला सोळा अंकी सीएनआर क्रमांक मिळतो. तो मागून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर त्या क्रमांकाने पुढची तारीख घरबसल्या कळते. नातेवाइकातील एखादा तरुण हे पाच मिनिटांत शिकवील. वकील बदलावे वाटले, तर बदलता येतात. थकलेल्या फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे.

पैशाअभावी कोणी गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला आणि बालक यांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

तारखेच्या दिवशी प्रकृती

तारखेच्या दिवशी सकाळच्या गोळ्या चुकवू नका. मधुमेह असेल, तर डबा, पाणी आणि थोडी साखर पिशवीत असू द्या. पुकारा कधी होईल याचा नेम नसतो. चष्मा, श्रवणयंत्र आणि औषधांची चिठ्ठी विसरू नका. दोघांपैकी एकाने जावे, दुसऱ्याने नातवाजवळ राहावे. न्यायालयाने बोलावल्याशिवाय मुलाला तेथे नेऊ नका. छातीत दुखले, दम लागला किंवा बोलताना जीभ अडखळली, तर तारीख सोडून रुग्णालय गाठा. तारीख वकील वाढवून मागू शकतात. आठवडे उलटूनही झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर मोकळेपणाने बोला. लेकीवरही लक्ष असू द्या. ती हसून “मी ठीक आहे” म्हणाली, तरी.

पहिल्या भेटीला जाताना

एक शंभर पानी वही घ्या. तीत लेकीला स्वतःच्या हाताने घटनाक्रम लिहू द्या: तारीख, जागा, काय घडले, कोण हजर होते. सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा लग्नपत्रिका व छायाचित्रे, मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या पावत्या, बँकेची पासबुके, दवाखान्याची कागदपत्रे आणि स्त्रीधनाची यादी ठेवा. वहीच्या मागच्या पानावर हे प्रश्न लिहा:

• अशी किती प्रकरणे आपण चालवली आहेत? सुनावणीला स्वतः उभे राहाल की सहकारी?
• आमच्या बाजूत दुबळे काय आहे?
• समेट किंवा मध्यस्थीची वाट आहे का? नसेल तर का?
• पोटगीचा अर्ज केव्हा करावा?
• मुलाच्या भेटीची तात्पुरती व्यवस्था कशी असावी?
• एकूण खर्च अंदाजे किती, आणि तो कोणत्या टप्प्यांत?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक ऐका. जे वकील आपल्या बाजूतले दुबळेपण न दुखावता पण स्पष्टपणे सांगतात, त्यांच्याकडे वकीलपत्र द्यावे. घाईने, त्याच दिवशी देऊ नये. निदान दोघांना भेटावे, घरी यावे, जेवावे आणि निर्णय लेकीला घेऊ द्यावा. ती पायरी तिला चढायची आहे. आपण शेजारी असावे, एवढेच तिला हवे असते.